निवृत्ती आणि परित्याग

वऱ्हाडातील वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून गेली काही वर्षे एका विशिष्ट प्रकारच्या लेखनाला बहर आला आहे. बंद पडलेल्या आगगाड्यांवर अश्रू ढाळणे हा त्या लेखनाचा विषय होय. मूर्तिजापूरची शकुंतला गेली, अकोल्याची खांडवा गाडी गेली. मग लेखकाचे बालपण येते, खिडकीतून दिसणारी कपाशी येते, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढणारे प्रवासी येतात, आणि शेवटी कालपुरुषाला नमस्कार करून लेख संपतो. वाचक हळहळतो व पान उलटतो. या लेखनातील जिव्हाळा कृत्रिम आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप त्यात वारंवार येणाऱ्या एका शब्दावर आहे. ही सारी मंडळी लिहितात की गाडी 'निवृत्त झाली'. हा शब्द असत्य आहे, आणि तो असत्य असल्यामुळेच त्याच्या आड पुष्कळांना सुखाने लपता येते.

निवृत्ती म्हणजे काय, हे पेन्शन घेणाऱ्या आमच्या मध्यमवर्गास सांगावयास नको. न्यायाधीश निवृत्त झाला तरी न्यायालयास कुलूप लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर दुसरा बसतो. शिक्षक निवृत्त होतो, वर्ग चालू राहतो. ज्याचे काम पुढे कोणी तरी चालविते त्यालाच निवृत्त होण्याचा अधिकार असतो. काम करणारा गेला आणि कामही गेले, तर त्या घटनेला आमच्या भाषेत दुसरा शब्द आहे, आणि तो शब्द म्हणजे परित्याग. वऱ्हाडातील या गाड्या निवृत्त झालेल्या नाहीत, त्यांचा परित्याग झाला आहे. हेच आम्हास या लेखात दाखवावयाचे आहे.

निवृत्ती कशी असते याचे उदाहरण आम्ही मुद्दाम जपानातून घेतो. कारण अलीकडे रेल्वेचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी जपानचे नाव आल्यावाचून राहत नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गाचे बांधकाम जपानी पद्धतीने चालू असल्यामुळे तर वेग आणि जपान हे शब्द आता जोडीनेच उच्चारले जातात. परंतु जपानकडून वेगापेक्षाही आधी शिकावयाची एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी त्या देशाच्या एका जुन्या, आज अस्तित्वात नसलेल्या विजेच्या जलदगाडीचे चरित्र पाहणे उपयुक्त ठरेल.

१ नोव्हेंबर १९५८ या दिवशी तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान 'कोदामा' नावाची गाडी सुरू झाली. कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. एका शहरात दिलेली हाक दुसऱ्याहून त्याच दिवशी परत यावी, म्हणजे प्रवाशाने जाऊन काम उरकून त्याच दिवशी घरी परतावे, असा त्या नावाचा भाव. त्या गाडीच्या डब्यांची जात पुढे १५१ या क्रमांकाने ओळखली गेली. तिचे वैशिष्ट्य असे की तिला स्वतंत्र एंजिन नव्हते. विजेच्या मोटारी डब्यांच्याच पोटाखाली, निरनिराळ्या चाकांना जोडलेल्या होत्या. एकच जड एंजिन साऱ्या गाडीला ओढू लागले की त्याच्या चाकांखालील रुळांवर आणि पुलांवर मोठा भार पडतो. शक्ती डब्याडब्यांत वाटून दिली की भारही वाटला जातो. मऊ जमिनीच्या आणि हलक्या रुळांच्या देशाला ही युक्ती फार मानवली. विजेच्या एंजिनाने ओढलेली जुनी जलदगाडी जे ५५६ किलोमीटरचे अंतर साडेसात तासांत काटीत असे, ते या गाडीने सहा तास पन्नास मिनिटांत काटले.

येथे वऱ्हाडच्या वाचकाने एक आकडा ध्यानात ठेवावा. ही गाडी ज्या रुळांवर धावत होती त्यांची रुंदी १०६७ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फूट होती. अकोल्यावरून जाणाऱ्या मीटर मार्गाहून ती अवघी सदुसष्ट मिलिमीटरने अधिक. याच रुंदीच्या रुळांवर १९५९ सालच्या जुलै महिन्यात या जातीच्या गाडीने चाचणीत ताशी १६३ किलोमीटर वेग गाठला. 'आमचे रूळच अरुंद, तेथे गाडी रखडणारच' असे जे आमच्याकडे दोन पिढ्या ऐकविले गेले, ते कितपत खरे होते याचा विचार या आकड्यावरून ज्याचा त्याने करावा.

आता या गाडीची निवृत्ती पाहा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका दरम्यान शिंकान्सेन हा सर्वस्वी नवा रुंद मार्ग उघडला आणि ताशी २१० किलोमीटर वेगाची गाडी त्यावर धावू लागली. जुन्या गाडीचे त्या वाटेवरील काम संपले. तेव्हा तिचे डबे ओसाकाच्या पश्चिमेच्या आणि इतर मार्गांवर पाठविण्यात आले. पुढे सुधारून १८१ या क्रमांकाखाली ते तोक्योहून निइगाताकडे धावत राहिले. १९८२ साली त्या दिशेलाही शिंकान्सेन पोहोचली, तेव्हाच या घराण्याने विश्रांती घेतली. म्हणजे प्रत्येक वेळी आधी वारस आला आणि मग वडील उठले. ज्या शिंकान्सेन गाडीने तिला बाजूस सारले, तिचीही गत तीच झाली. '०' क्रमांकाची ती जात अधिक वेगवान गाड्या हाती आल्यावर १९९९ साली मूळ मार्गावरून आणि २००८ साली सर्वत्र निवृत्त झाली. तिचे डबे जपानातील रेल्वे-संग्रहालयांत आहेत, आणि एक डबा २००१ साली जपानने इंग्लंडातील यॉर्कच्या संग्रहालयास दिला. ज्यांनी जगाला आगगाडी शिकविली त्यांच्या घरी शिष्याने आपले जुने पुस्तक ठेवावयास द्यावे, तसा हा प्रकार आहे. आणि हे सर्व अपार श्रीमंतीतून झाले असेही कोणी समजू नये. पहिल्या शिंकान्सेनसाठी जपानने १९६१ साली जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरचे कर्ज काढले होते आणि ते १९८१ पर्यंत फेडीत होता.

परदेशाचे उदाहरण दिले की 'ते आपल्याकडे कसे जमणार' हा प्रश्न ठरलेला असतो. परंतु ते आपल्याकडेही जमले आहे. मद्रासच्या मीटर मार्गावर १९६० च्या दशकात जपानच्या मित्सुबिशी कारखान्याची विजेची एंजिने आली आणि विल्लुपुरमपर्यंतच्या गाड्या त्यांनी चाळीस वर्षे ओढल्या. २००४ साली ती थांबली, पण केव्हा? तेथे रुंद मार्ग झाल्यावर. मुंबईत १९२५ साली पंधराशे व्होल्टच्या एकमुखी प्रवाहावर विजेची गाडी सुरू झाली, आणि त्या प्रवाहावरील अखेरची लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. दुसऱ्या दिवशी त्याच फलाटावर नव्या प्रवाहाची गाडी हजर होती. मुंबईच्या प्रवाशाला निवृत्तीचा हा सोहळा वर्तमानपत्रातूनच कळला, कारण त्याच्या ऑफिसला जाण्यात त्यामुळे एका मिनिटाचाही फरक पडला नव्हता. तेव्हा वारस आणून मग निरोप देण्याची कला आमच्या रेल्वेला अवगत नाही असे नाही. ती मुंबईस आणि मद्रासेस वापरली जाते. मूर्तिजापूरला आणि अकोटच्या पुढे वापरली जात नाही, एवढेच.

शकुंतलेचा मार्ग अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा. यवतमाळहून दारव्हा, कारंजा यांवरून मूर्तिजापूर आणि तेथून दर्यापूर, अंजनगाव यांवरून अचलपूर, अशी सुमारे १९० किलोमीटरची ही वाट विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी घातली गेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे एंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. नंतर डिझेल एंजिन आले. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर अंतर काटण्यास अखेरच्या काळात तिला चार तास लागत. मग एकेक करून दोन्ही शाखांवरील वाहतूक थांबली. २०१६ साली हा मार्ग रुंद करण्याची सुमारे पंधराशे कोटी रुपयांची घोषणा झाली, तिचे वृत्तपत्रांतून स्वागत झाले, आणि आज हे लिहीत असता त्या वाटेवर नियमित प्रवासी गाडी जुनीही नाही व नवीही नाही.

गाडीचे नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण ठेवणाऱ्याच्या जिभेवर सरस्वती असली पाहिजे. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत शकुंतलेला 'तू निवृत्त हो' असे म्हणत नाही. तो तिला ओळखतच नाही. वचन दिल्याचे त्याला आठवत नाही. आमच्या शकुंतलेचे नेमके हेच झाले आहे.

या गाडीच्या संथपणाची थट्टा हा आमच्याकडे विनोदाचा एक हक्काचा विषय होता. बैलगाडी तिला मागे टाकते, वाटेत उतरून ओल्या हरभऱ्याचा डहाळा उपटून पुन्हा चढता येते, वगैरे. आम्हीही अशा गोष्टींवर हसणाऱ्यांपैकीच आहोत. परंतु ही थट्टा निर्दोष नव्हती. गाडी म्हातारी म्हणून संथ आहे, संथ आहे म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून ती बंद करणे भाग आहे, अशी जी तर्कपरंपरा पुढे रचली गेली, तिची पहिली पायरी या थट्टेने बांधून दिली. वस्तुतः गाडी संथ होती ती रूळ, स्लीपर आणि पूल यांकडे लक्ष देणे सोडून दिल्यामुळे. रुळांची अरुंदी हे कारण असते, तर जपानच्या मिए प्रांतातील होकुसेई मार्ग केव्हाच बंद पडावयास हवा होता. तो १९१४ साली उघडला, म्हणजे आमच्या शकुंतलेचा समवयस्क. त्याची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे आमच्या शकुंतलेइतकीच. तो १९३१ साली विजेवर आला आणि त्यावर आजही शाळेची मुले आणि नोकरदार रोज ये-जा करतात. तोही तोट्यात होता. चालविणाऱ्या मोठ्या कंपनीने तो सोडावयाचे ठरविले, तेव्हा २००३ साली दुसऱ्या लहान कंपनीने तो घेतला आणि प्रांताने व काठच्या गावांनी भार उचलला. तेच अडीच फूट, तेच वय आणि तोच तोटा असूनही तेथे गाडी आहे, आमच्याकडे लेख आहेत.

शकुंतलेचे नाव निघताच इंग्रजी कंपनी, किलिक निक्सन आणि स्वराज्यातही चालू असलेली गुलामी यांची कथा सांगणारा एक वर्ग आहे. इतर रेल्वे सरकारच्या ताब्यात आल्या तेव्हा हा मार्ग कंपनीकडेच राहिला आणि मध्य रेल्वे करारान्वये त्यावर गाड्या चालवीत राहिली, ही गोष्ट खरी. परंतु या कथेने उत्पन्न होणारा संताप अगदी सोयीचा आहे. तो दूरच्या, बहुधा दिवंगत अशा साहेबावर रोखलेला असल्यामुळे येथील कोणालाच त्याची झळ लागत नाही. रुळांचा मालक कोण हा प्रश्न सोडविण्यास स्वतंत्र देशाला इतकी दशके अपुरी पडावी, यात त्या साहेबाचा दोष किती आणि आमचा किती? आणि अंजनगावच्या बाईला औषधपाण्यासाठी अचलपूरला जावयाचे असेल, तर कराराच्या कागदावर कोणाची सही आहे याच्याशी तिला काय कर्तव्य?

अकोला-खांडवा मार्गाची कथा थोडी निराळी, पण कूळ तेच. दक्षिणेकडे अकोला ते पूर्णा हा भाग २००८ साली रुंद झाला. उत्तरेकडील मीटर गाडी २०१७ सालच्या आरंभी रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली. त्यापैकी अकोटपर्यंतचा तुकडा रुंद होऊन २०२२ साली त्यावर प्रवासी गाडी आली. परंतु अकोटच्या पुढे मेळघाट लागतो. धुळघाटाजवळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच वाटेवरून जाणारा तो जुना मार्ग वाघांच्या राखीव वनातून जातो. तेथेच रुंद मार्ग न्यावा की वन सोडून बुलढाणा जिल्ह्यातून न्यावा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. वन सोडून जावे असेच आमचे मत आहे. वेगवान रुंद गाडी वनातून नेणे हा वाघांवर अन्याय आहे आणि बाहेरची वाट धरली तर जळगाव जामोदसारख्या, रेल्वे कधीच न पाहिलेल्या भागाचे भले होणार आहे. परंतु आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. मेळघाटात वाघ आहेत हे २०१७ साली कोणाला ठाऊक नव्हते काय? तेथील व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ पासूनचा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर काढण्यास वर्षे लागणार हे उघड दिसत होते, त्याचे उत्तर काढण्याच्या आधीच चालती गाडी थांबविण्याची घाई कशासाठी? नवे घर कोठे बांधावयाचे हे ठरण्यापूर्वी जुने पाडून कुटुंबाला झाडाखाली बसविणाऱ्या गृहस्थास आपण शहाणा म्हणत नाही.

आता पूर्वपक्ष ऐकू. पहिला आक्षेप तोट्याचा. ज्या गाडीचा खर्च निघत नाही ती का चालवावी? आक्षेप गंभीर आहे आणि जपानलाही तो पडला. १९८० साली त्या देशाने राष्ट्रीय रेल्वे सावरण्यासाठी कायदा केला आणि त्याखाली ८३ तोट्याचे स्थानिक मार्ग, सुमारे ३१०० किलोमीटर, रेल्वेकडून काढून टाकले. तेथेही गावकरी रडले, तेथेही निरोपाचे फलक लागले. परंतु मार्ग सोडण्यापूर्वी रेल्वे आणि स्थानिक शासन यांनी एकत्र बसून पर्याय ठरविणे भाग होते. परिणामी त्यांपैकी ४५ मार्गांवर बस आली आणि ३८ मार्ग स्थानिक संस्थांच्या किंवा कंपन्यांच्या हाती रेल्वे म्हणूनच राहिले. पुढे त्यांतील काही बसगाड्याही रोडावल्या, हे आम्ही लपवीत नाही. तरीपण जो देश मार्ग बंद करतानाही वारसाचे नाव कागदावर लिहून घेतो, त्याची नक्कल करावयाची तर ती येथून करावी. तोटा हे गाडी बदलण्याचे कारण होऊ शकते. प्रवाशाला वाऱ्यावर सोडण्याचे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की एस. टी. आहे, आता रेल्वे कशाला? एस. टी.चे उपकार वऱ्हाडने विसरू नयेत. पण २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला, आणि लाल गाड्या बहुतांशी आगारांत उभ्या राहिल्या, तेव्हा या काठच्या गावांनी काय केले? ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते गेले. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खाजगी वाहनाला मागेल ते दिले. उरलेल्यांपैकी किती मुली त्या वर्षी कॉलेजात येऊ शकल्या नाहीत, हे गावोगावच्या प्राध्यापकांना हजेरीपट उघडून पाहता येईल. संपाच्या न्यायान्यायात आम्ही शिरत नाही. दोन वाटा असलेल्या गावाला एक वाट तुटली तरी जगता येते, आणि एकच असलेल्याला येत नाही, इतकेच त्या सहा महिन्यांनी शिकविले.

तिसरा आक्षेप रसिकांचा. ते म्हणतात, शकुंतला वारसा म्हणून जतन करा, पर्यटकांसाठी आठवड्यातून एकदा चालवा, डबे रंगवा, एंजिनाला हार घाला. जुन्या वस्तू जतन कराव्यात याबद्दल आमचे दुमत नाही. मागे सांगितलेल्या जपानी गाडीचे डबेही जतन झाले आहेत. पण ते केव्हा झाले? तिचे काम दुसरीने अंगावर घेतल्यानंतर. उपाशी माणसाचे तैलचित्र काढून ते दिवाणखान्यात लावणे ही कलेची सेवा असेल, त्याची सेवा नव्हे. शनिवारी अमरावतीहून मोटारीने येऊन दोन तास गाडीत बसणाऱ्या कुटुंबासाठी गाडी चालणार आणि सोमवारी दर्यापूरच्या बाजाराला निघालेल्या माळणीसाठी चालणार नाही, असे जतन आम्हास नको.

मग वारस कोण? तो शोधण्यास जपानला जाण्याचे कारण नाही. बडनेरा, मूर्तिजापूर आणि अकोला या तिन्ही स्थानकांवरून विजेची तार गेलेली आहे. कोदामाने १९५८ साली जे तत्त्व वापरले, म्हणजे एंजिनाऐवजी डब्यांखालीच मोटारी, त्याच तत्त्वावरच्या मेमू गाड्या भारतीय रेल्वेवर १९९० च्या दशकापासून धावत आहेत. त्या झटकन वेग घेतात, थोड्या थोड्या अंतरावर थांबू शकतात आणि शेवटच्या स्थानकावर एंजिन फिरवून जोडण्याची खटपट त्यांना नाही. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव अशा जवळजवळच्या गावांना जोडण्यास याहून योग्य वाहन दुसरे कोणते? तार मूर्तिजापूरपर्यंत येऊन थांबली आहे. तेथून पुढे पाहिजे ते रूळ आणि निश्चय.

आमचे शेवटचे सांगणे आमच्याच वर्गाला आहे. वऱ्हाडातील वकील, डॉक्टर, प्राध्यापक, संपादक यांना या गाड्यांची गरज उरलेली नाही. त्यांच्या दारी मोटार आहे आणि त्यांची मुले पुण्याला बडनेऱ्याहून जातात. म्हणूनच या गाड्या आमच्यासाठी आठवण झाल्या आहेत. ज्यांच्यासाठी त्या आजही गरज आहेत ते लेख लिहीत नाहीत. लेखणी आमच्या हाती आणि अडचण त्यांची, अशी ही विभागणी असल्यामुळे सारे लेख हळहळीचे होतात, मागणीचा एकही होत नाही. तेव्हा ज्यास या विषयावर पुढचा लेख लिहावयाचा असेल त्याने बालपण बाजूस ठेवून तीन प्रश्न विचारावे. घोषित झालेल्या कामाला पैसा कोणत्या वर्षी मिळणार? भूमी आणि मालकी यांचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होणार? आणि गाडी येईपर्यंत त्या गावांसाठी ठरलेल्या वेळेची, रेल्वेच्याच दराची बस कोण चालविणार? हे प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना लेखी विचारावे आणि त्यांची उत्तरे तारखेसह छापावीत. उत्तर आले नाही तर तेही छापावे. वारस येईल त्या दिवशी आम्ही शकुंतलेला आनंदाने निवृत्त म्हणू आणि तिच्या एंजिनाला हार घालावयास स्वतः मूर्तिजापूरला जाऊ. तोपर्यंत तो शब्द तिच्याविषयी कोणी वापरू नये.